चौथरा खुला झाला, सातबारा कधी?

संगमनेर : आपल्याच जिल्ह्यातल्या शनी शिंगणापूरचा चौथरा 8 एप्रिल 2016 ला, गुढीपाडव्याच्या दिवशी महिलांसाठी खुला झाला. मंदिर प्रवेशाचा कायदा मात्र 1956 चा. तो पाळायला साठ वर्षं आणि उच्च न्यायालयाचा आदेश लागला.

शेतजमिनीचंही तसंच चाललंय. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला, लग्न झालेलं असो वा नसो. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला सांगितलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली रीतसर वाटणी मात्र मोडत नाही.

पण गावात काय होतं? वडील गेले की बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतात, साडी नेसवून परत पाठवतात. सही नाही केली तर माहेर तुटेल, ही भीती कायद्याला दिसत नाही.

ताई, सही करायची तर राजीखुशीने करा, पण आधी कागद वाचा. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करायला कोर्टाची पायरी चढावी लागते. आणि दादा, भाऊबीजेची ओवाळणी वेगळी, बहिणीचा हिस्सा वेगळा.