अठरा तासांचा हिशोब आपण कुणाला देतोय?

दर ६ डिसेंबरला रेणापूर तालुक्यातल्या पानगावला गर्दी लोटते. बाबासाहेबांच्या अस्थी जपणाऱ्या चैत्यस्मारकापुढे रांगा लागतात. त्या रांगा सांभाळणारे, पाणी वाटणारे, सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षे तेच असतात. अशा एखाद्याला विचारा, "गड्या, झोपलास कधी?" तो हसून सांगतो, "झोपायला आख्खी जिंदगी पडलीय." आपण त्याच्या पाठीवर थाप मारतो आणि पुढचे काम सांगतो.

ही थाप आता थांबवली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपण इतके का राबतो? कुणालाही विचारा, "समाजासाठी" हेच उत्तर येईल. ते खोटे नाही, पण पुरेही नाही. समाजासाठीच राबत असू, तर एक रविवार घरी बसल्यावर चोरी केल्यासारखे का वाटते? अंगात ताप असताना मोर्चा चुकला, तर तब्येतीआधी "लोक काय म्हणतील" हेच का छळते? रेणापूरहून लातूरला शिकवणीसाठी गेलेल्या आपल्या पोरीला चांगले मार्क पडले, तरी गेलेले मार्कच तिला का टोचत राहतात?

याचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. वर्गात शिष्यवृत्तीची यादी वाचली जात होती आणि मागच्या बाकावरून कुणीतरी "सरकारचे जावई" म्हणाले होते. पोरे हसली होती. आपल्याला वाटते, ते आपण केव्हाच विसरलो. पण तो शब्द मनाच्या तळाशी जाऊन बसला आणि तिथून हुकूम सोडतो: सिद्ध कर. पुन्हा सिद्ध कर. धम्मात मनाच्या तळाशी अशा दबून राहिलेल्या प्रवृत्तींना अनुसय म्हणतात. 'मान', म्हणजे स्वतःला सतत दुसऱ्याशी मोजत राहणे, हा त्यांतलाच एक.

म्हणजे ज्या जातिव्यवस्थेविरुद्ध आपण रस्त्यावर लढतो, तिचाच मुकादम आपल्या आत बसून आपल्याकडून ओव्हरटाइम करून घेतोय.

यावर काही शहाणे म्हणतील, ताण तर सगळ्यांनाच असतो. असतो ना! पण पाटलाचा पोरगा नापास झाला तर तो एकटा नापास होतो. आपला पोरगा नापास झाला की अख्खी जात आणि अख्खे आरक्षण नापास ठरते. हे ओझे घेऊन पेपर लिहिणाऱ्याचा ताण वेगळाच असणार.

त्याची किंमत शरीर मोजते. शेर्मन जेम्स या अमेरिकी संशोधकाने नॉर्थ कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीयांचा अभ्यास केला. तिथे त्यांना जॉन हेन्री मार्टिन नावाचा शेतकरी भेटला. बटईच्या गुलामीतून तो जिद्दीने बाहेर पडला आणि चाळिशीपर्यंत ७५ एकरांचा मालक झाला. पन्नाशीत मात्र रक्तदाब, संधिवात आणि पोटातल्या अल्सरने त्याला गाठले. लोककथेतला जॉन हेन्री वाफेच्या यंत्राशी पैज लावून जिंकतो आणि हातोडा हातात असतानाच मरतो. जेम्स यांनी त्याचेच नाव या प्रकाराला दिले. त्यांनी १९८३ पासून मांडलेला मुद्दा असा की, साधने तुटपुंजी असताना प्रतिकूल परिस्थितीशी केवळ जिद्दीच्या जोरावर वर्षानुवर्षे झुंजत राहिले की रक्तदाब वाढण्याचा धोका बळावतो. जिद्दीत खोट नसते. खोट असते ती माणसाला कायम झुंजत ठेवणाऱ्या व्यवस्थेत.

आता कुणी विचारेल, मग बाबासाहेबांचे अठरा तास? १४ एप्रिलच्या निमित्ताने आपली पोरे वाचनालयात सलग अठरा तास अभ्यासाला बसतात, याचा आम्हालाही अभिमान आहे. पण आपण बाबासाहेबांचे अठरा तास तेवढे उचलले आणि त्यांचा मधुमेह, पायांच्या वेदना आणि झोपेविना काढलेल्या रात्री विसरलो. अवघ्या पासष्टाव्या वर्षी आपण त्यांना गमावले. तेच बाबासाहेब दवाखान्यात जात, उपचार घेत, हौसेने व्हायोलिन शिकत. ते व्हायोलिन आपल्या एकाही बॅनरवर का दिसत नाही?

बुद्धांचा सोण नावाचा भिक्खू चालत चालत ध्यान करायचा. त्याने इतका अट्टाहास केला की तळपाय रक्ताळले. बुद्धांनी त्याला शाबासकी दिली नाही. वीणेच्या तारेची आठवण दिली: ढिली सोडली तर वाजत नाही आणि जास्त ताणली तरी सूर लागत नाही. आपले काही नेते मात्र कार्यकर्त्याची तार तुटेपर्यंत ताणतात आणि तुटली की शोकसभा घेतात. त्यांना थकलेलाच कार्यकर्ता सोयीचा असतो, कारण थकलेला माणूस वर्गणीचा हिशोब मागत नाही. दुसरीकडे "नैराश्य म्हणजे कमजोरी" असे सांगत फिरणारे प्रेरणादायी व्याख्याते व्यवस्थेचा गुन्हा आपल्याच पोरांच्या माथी मारतात.

आणि आपल्या बाया? त्या बैठकीला येतात, घोषणा देतात आणि घरी जाऊन चुलीपुढे बसतात. त्यांचे अठरा तास कोणत्या वाचनालयात मोजले जातात?

आमच्या मागण्या साध्या आहेत. जयंतीच्या खर्चात डीजेआधी रक्तदाब आणि साखर तपासणीची सोय करा. पोलीस ठाण्याची धावपळ एकाच्याच गळ्यात न बांधता पाळ्या लावा. जयंतीचा स्वयंपाक पुरुषांनी हाती घ्यावा. विहारात आठवड्यातून एक बैठक अशी घ्या, जिथे कार्यकर्ता कामाचा अहवाल न देता "मी थकलोय" एवढे म्हणू शकेल आणि त्यावर कुणी हसणार नाही.

संघर्ष सोडा, असे आम्ही म्हणत नाही. आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी राबणे मात्र आजपासून बंद करू. ते सिद्ध करायची गरज आपल्याला कधीच नव्हती. यंदा पानगावच्या रांगेत उभे राहाल तेव्हा सतरंज्या उचलणाऱ्या त्या पोराच्या हातातली सतरंजी घ्या आणि त्याला घरी झोपायला पाठवा.

जय भीम!