शस्त्राआधी निदान

कर्करोगाचे नाव निघताच घरात पहिला प्रश्न उठतो तो शस्त्रक्रियेचा. ‘एकदाचे काढून टाका’ ही भावना स्वाभाविकच होय. परंतु जठराच्या अस्तरात क्वचित उद्भवणारा एक कर्करोग असा आहे, की ज्यात ही घाई रुग्णाला नाहक जठरास मुकवील. माल्ट लिंफोमा हे त्याचे नाव.

निरोगी जठरात लसिका-ऊती जवळजवळ नसतेच. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू तेथे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला, म्हणजे त्याच्याशी झुंजण्यासाठी लसिका-पेशी गोळा होतात. आणि विरळा रुग्णात त्या रक्षक पेशीच बेबंद वाढू लागतात. पीटर आयझॅकसन व डेनिस राइट यांनी १९८३ साली या रोगाचे वेगळेपण दाखविले. पुढे १९९३ मध्ये आयझॅकसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. जंतूचा नायनाट होताच त्यांपैकी पाच जणांची गाठ ओसरली होती. शस्त्र नाही, किरण नाहीत, केवळ प्रतिजैविके! आज प्रारंभीच्या अवस्थेतील जंतुबाधित रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश याच उपायाने रोगमुक्त होतात. मात्र गाठ विरण्यास कित्येक महिने, कधी वर्षही लागते. तोवर धीर आणि वेळोवेळी दुर्बीण-तपासणी आवश्यक ठरते.

अर्थात सर्वांचेच नशीब सारखे नसते. ज्या गाठीत अकराव्या व अठराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, ती प्रतिजैविकांना सहसा दाद देत नाही. तेथे सौम्य मात्रेचे किरणोपचार गुणकारी ठरतात. गाठीने उग्र रूप धारण केले असल्यास रसायनोपचारांवाचून गत्यंतर नसते. हा भेद केवळ डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी अस्तराचे अनेक तुकडे काढावे लागतात आणि ते वाचणारा कसबी विकृतितज्ज्ञ असावा लागतो. आधुनिक यंत्रांच्या खरेदीचे समारंभ होतात. सूक्ष्मदर्शकामागे बसणाऱ्या माणसाची नेमणूक मात्र दुय्यम मानली जाते, हे खेदजनक आहे.

नागरिकही निर्दोष नाहीत. पोटदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या आम्लरोधक गोळ्या दुखणे झाकतात आणि जंतूची चाचणीही फसवू शकतात. प्रतिजैविकांच्या अर्धवट, बेसुमार वापराने तर भारतात हा जंतू काही प्रमुख औषधांना जुमानेनासा झाला आहे. ज्या गोळीने कर्करोग हटतो, तीच अशी बोथट व्हावी, याहून मोठा करंटेपणा कोणता?