'नेव्हिगेशन आहेच'

मोटार खरेदी करताना विक्रेता समोरच्या पडद्यावर बोट ठेवून सांगतो, "नेव्हिगेशन आहेच." त्या 'आहेच'मध्ये नेमके काय आहे, याची चौकशी क्वचितच होते. एरवी कापडाचा तागा पूर्ण उलगडून पाहणारी आपली माणसे येथे वरच्या घडीवर समाधान मानतात.

पुष्कळ मोटारींतील पडदा स्वतः वाटाड्या नसतोच. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेच्या आधारे तो आपल्याच फोनमधील नकाशा मोठा करून दाखवितो. फोन घरी राहिला की वाटाड्याही घरीच राहिला. काही मोटारींत मात्र नकाशा यंत्रातच साठविलेला असतो. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारावा, की फोन न जोडता हा पडदा रस्ता दाखवील काय? दाखवीत असेल, तर नकाशा अद्ययावत करून घेण्यास दरवर्षी किती खर्च येईल, हेही तेथेच विचारावे. नवा बाह्यवळण रस्ता ठाऊक नसलेला नकाशा जुन्या भावपत्रकासारखा असतो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवितात. किमान चार उपग्रहांचे संकेत टिपून यंत्र आपले स्थान ठरविते. भारताच्या 'नाविक' प्रणालीचे संकेतही आता अनेक फोन वाचू शकतात. या संकेतांना शुल्क नाही आणि मोबाइलचे नेटवर्कही लागत नाही. नेटवर्क लागते ते नकाशा उतरविण्यासाठी आणि पुढील वाहतुकीची खबर मिळविण्यासाठी. म्हणूनच ताम्हिणी किंवा वरंध घाटात नेटवर्क तुटले की निळा ठिपका दिसत राहतो, पण त्याखालचा रस्ता नाहीसा होऊ शकतो. अंधार पडलेला, मागच्या आसनावर वृद्ध आईवडील, आणि फाट्यावर विचारावयास माणूस नाही! घरून निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवण्यास काही मिनिटे पुरतात. मात्र अशा साठविलेल्या नकाशाला पुढची वाहतूककोंडी कळत नाही. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचून भोजन करणाऱ्यांनी त्याने सांगितलेल्या वेळेत भर धरूनच निघावे.

शहरात वावरणाऱ्या कुटुंबाने निराळे यंत्र घेणे मला अनाठायी वाटते. त्यापेक्षा फोन घट्ट धरणारा स्टँड आणि चांगला चार्जर घ्यावा. स्टँड काचेवर थेट उन्हात बसवू नये. तापलेला फोन ऐन वेळी बंद पडतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार वाहन चालविताना फोनचा उपयोग केवळ मार्गदर्शनासाठी, तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, करता येतो. पत्ता निघण्यापूर्वीच भरावा, किंवा ते काम शेजारी बसलेल्याकडे द्यावे.

मालाच्या टेम्पोसाठी मात्र हिशेब वेगळा आहे. 'जीपीएस' म्हणून दुकानात मिळणारी डबी बहुधा ट्रॅकर असते. टेम्पो कोठे आहे हे ती पेढीवर बसलेल्या मालकाला कळविते, चालकाला वाट दाखवीत नाही. आणि तिच्या सिमकार्डाचा खर्च चालूच राहतो. चालकाला मोटारीसाठीचा नकाशा दिला, तर त्याला गाडीची उंची ठाऊक नसते. रेल्वेखालचा बुटका पूल त्याच्या लेखी सरळ रस्ताच. अशा जागा चालकाला आधी सांगून ठेवाव्यात, आणि गोदामाचा लेखी पत्ता न पाठविता नकाशावरील नेमके ठिकाण पाठवावे, तेही मागच्या गल्लीचे नव्हे, जेथे माल उतरतो त्या फाटकाचे.