केंद्राच्या दारातील विचारणा रोखा

मतदान करून बाहेर पडणाऱ्याला केंद्राच्या दारातच ‘मत कोणाला?’ असे विचारण्यास महापालिका निवडणुकीतही स्पष्ट बंदी हवी, असे आमचे ठाम मत आहे.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६-अ अधिसूचित काळात मतदानोत्तर चाचणी घेण्यास आणि प्रसिद्ध करण्यास मनाई करते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची. पण हा कायदा लोकसभा-विधानसभेपुरता. नगरपालिकांची मतमोजणी २१ डिसेंबर २०२५ वर गेली, तेव्हा चाचण्यांचे निष्कर्ष रोखण्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला आदेश द्यावा लागला.

नवी मुंबईतील तळवलीच्या गावठाणात उमेदवार शेजारचा असतो, अनेकदा नात्यातलाही. अशा ठिकाणी सर्वेक्षकाला दिलेले उत्तर संध्याकाळपर्यंत गावभर होते. गप्प राहणाऱ्यावरही संशय येतो. त्यातही भाडेकरूची अडचण मोठी, कारण त्याचे घरमालकही त्याच रांगेत असतात. मतदान यंत्रापाशी जपलेली गुप्तता फाटकाबाहेर संपणार असेल, तर मतदार आत जातानाच दबलेला असेल.

केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला मनाई आहे. राज्य निवडणूक आयोगाने तीच हद्द सर्वेक्षकांनाही लावावी, आणि महापालिकेच्या मतदानापूर्वी तसा लेखी आदेश नवी मुंबईतील प्रत्येक केंद्राध्यक्षाच्या हाती द्यावा.