कांद्याच्या थप्पीमागे रेंज का नाही?

मंडळी, ऐन हंगामात लोणंदच्या कांदा बाजारात जा आणि पोत्यांच्या थप्पीमागे, पत्र्याखाली उभं राहून मोबाईल बघा. मग सांगा आपली मॉडेल्स किती खरी ते.

आपण पुण्यात एसीत बसून सिग्नलचे नकाशे रंगवतो. अंतर, फ्रिक्वेन्सी आणि एक एक्सपोनंट टाकला की डेसिबल हजर! आयटीयूच्या पी.१२३८ शिफारशीत घर, ऑफिस, कारखाना यांचे आकडे आहेत. कांद्याची वखार मात्र नाही. मग काय, ऑफिसचाच आकडा चिकटवायचा.

अहो, कांद्यात सुमारे ८५ टक्के पाणी असतं. पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं, पत्रा त्या परतवतो. शिवाय आजची थप्पी उद्या ट्रकमधून गेली की एक्सपोनंटही बदलला.

अंदाज २० डेसिबलनी चुकला तर पोचणारी पॉवर १०० पट कमी. आपल्या स्क्रीनवर फक्त रंग बदलतो. तिथे शेतकऱ्याचं पेमेंट लटकतं.

मॉडेल वाईट नाही हो, पण मोजल्याशिवाय ते निव्वळ ज्योतिष. शेड भरलेली असताना एकदा मोजा, रिकामी असताना एकदा. मग खुशाल रंगवा नकाशे.

बघा पटतंय का.