उडणारा गिअर

उसाचा हंगाम सुरू झाला की कसबा बावड्याच्या रस्त्यांवरून साखर कारखान्याकडे जाणाऱ्या वाहनांची रीघ लागते. ट्रॉल्यांच्या बेसुमार भाराविषयी तेव्हा पुष्कळ ओरड होते आणि ती योग्यच असते. परंतु आज आम्हांला लिहावयाचे आहे ते मालमोटारींतील अशा एका दोषाविषयी, की ज्याची तक्रार चावडीवरही होत नाही आणि कचेरीतही होत नाही. चालक त्याला ‘गिअर उडणे’ म्हणतात. गाडी चालू असता, कोणी हात लावलेला नसताही, गिअरचा दांडा जागचा सुटतो आणि इंजिनाचा चाकांशी असलेला संबंध तुटतो. सपाट रस्त्यावर ही नुसती कटकट होय. भरल्या गाडीने घाट उतरताना तो प्राणाशी खेळ आहे.

या व्याधीवरचा रूढ उपचार आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. चालक डाव्या हाताने दांडा दाबून धरतो आणि उजव्या हाताने सुकाणू सांभाळतो. कोणी फाटक्या ट्यूबची पट्टी दांड्याला बांधून ती सीटच्या पायाला अडकवून देतो. या युक्तीचे कौतुकही होते! वस्तुतः अशा रीतीने बांधलेला दांडा आतील भागांवर सतत दाब देत राहतो आणि ते भाग अधिकच झिजतात.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्रविद्येवर अधिकार सांगत नाही. पण जाणत्या मिस्त्रीने पेटी उघडून दाखविली, तर ही गोष्ट कोणासही समजेल. दांडा हलविला की आतील एक काटा दातेरी कडे सरकवितो आणि ते कडे गिअरच्या दातांत जाऊन बसते. ते तेथेच राहावे यासाठी दोन योजना असतात. काटा ज्या सळईवर बसतो तिला खाच असते, आणि स्प्रिंगने दाबलेला पोलादी छर्रा त्या खाचेत रुतून बसतो. दुसरी योजना अधिक चतुर आहे. दातांच्या बाजू किंचित तिरप्या कापलेल्या असतात. त्यामुळे भार आला की कडे बाहेर ढकलले न जाता उलट आत ओढले जाते. घाईघाईने, क्लच पुरता न दाबता गिअर टाकण्याची सवय असली, की याच दातांच्या कडा गोल होतात. मग जो भार कडे आत ओढीत होता, तोच त्याला बाहेर ढकलू लागतो. स्प्रिंग थकणे, काटा झिजणे, बेअरिंग सैल होणे, दांड्यापासून पेटीपर्यंतच्या जोडण्यांचे माप चुकल्यामुळे गिअर मुळातच अर्धवट बसणे, ही आणखी कारणे. खड्ड्यात गाडी आदळली की लांब दांडा स्वतःच्या वजनाने हेलकावतो आणि दुबळ्या स्प्रिंगला हरवितो. म्हणून जाणता मिस्त्री प्रथम विचारतो, गिअर भारावर सुटतो की हादऱ्यावर? पहिल्या उत्तराने त्याचा संशय दातांवर जातो, दुसऱ्याने स्प्रिंगवर आणि जोडण्यांवर.

आता घाटाकडे वळू. कोल्हापूरहून सुमारे ५५ किलोमीटरवर दुसरा बावडा आहे, गगनबावडा. तेथून करूळचा घाट वैभववाडीकडे उतरतो. १६ टनांची गाडी ३०० मीटर खाली आली, तर तिच्या वजनातून निघणारी शक्ती सुमारे १६० लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी असते. हे शाळकरी गणित आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल, तर यातील मोठा वाटा इंजिन स्वतः अडवून धरते. गिअर उडाला की जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रमांत उतरते. अस्तरे तापतात, त्यांची पकड जाते. वेग वाढलेल्या गाडीत तो गिअर पुन्हा बसविणेही बहुधा साधत नाही. नंतर पंचनाम्यात दोनच शब्द येतात: ‘ब्रेक निकामी’. ब्रेक का निकामी झाले, हे शोधण्यासाठी गिअरपेटी उघडून पाहण्याची आठवण कितींना होते?

ब्रेकवर ठपका ठेवून मोकळे होण्याची ही सवय आपणांस नवी नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यातील नवले पुलाच्या उतारावर एका मालमोटारीने अनेक वाहनांचा चुराडा केला, तेव्हाही प्रथम ब्रेकचेच नाव घेतले गेले. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, हे प्राथमिक तपासात पुढे आले. तो गिअर उडण्याचा प्रकार नव्हता, पण इंजिनाचा आधार सुटल्यावर काय घडते ते त्याने दाखविले. डिझेल वाचविण्याच्या हिशेबाने जे न्यूट्रल करतात, त्यांना एवढेच सांगावयाचे की नव्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंधन आपोआप तुटते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहते. ज्याचा गिअर उडतो, त्या बिचाऱ्या चालकाला तर हा हिशेब करण्याचीही सवड मिळत नाही.

योग्यतेचा दाखला देताना ब्रेक, दिवे, धूर पाहिला जातो, आणि तोही सामान्यतः रिकाम्या गाडीचा. भार असताना, पाय उचलल्यावर गिअर टिकतो की नाही, हे कोण पाहतो? मालक म्हणतात, पेटी उतरविली की गाडीचे चार दिवस गेले, आणि हंगामात चार दिवस म्हणजे किती खेपा! ही अडचण खोटी नाही. कर्जाचा हप्ता थांबत नसतो. म्हणूनच हे काम हंगामाच्या तोंडावर न करता पावसाळ्यात, गाड्या उभ्या असताना झाले पाहिजे. ज्या शहराच्या ओतशाळांतून देशभरच्या वाहनांचे सुटे भाग जातात, त्याच शहरात ट्यूबच्या पट्टीने गिअर बांधून गाड्या फिराव्यात, याचे आम्हांला नवल वाटते.

आमची मागणी मोठी नाही. साखर कारखान्यांनी ऊसवाहतुकीचे करार करताना कागदपत्रांबरोबर प्रत्येक मालमोटार भरून, एखाद्या उतारावरून, जाणत्या मिस्त्रीला शेजारी बसवून चालवून पाहावी. दांडा हाताने धरावा लागला, तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत करारात घेऊ नये. परिवहन खात्याने उतारावरील प्रत्येक अपघातात गिअरपेटीची तपासणी अहवालात नोंदवावी. बावड्यातच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना झिजलेले दात आणि थकलेल्या स्प्रिंगा मोजावयास दिल्या, तर कोणता भाग किती खेपांनी बदलावा याचे कोष्टक येत्या पावसाळ्यापूर्वी वाहनमालकांच्या हाती देता येईल.