त्याग नव्हे, काम म्हणा

परमवीर चक्राची रचना कोणी केली, हा प्रश्न सैनिकी शाळेच्या क्विझमध्ये हमखास येतो. उत्तर आपल्या सर्वांना पाठ आहे : सावित्रीबाई खानोलकर. बझर वाजतो, दहा गुण मिळतात, पुढचा प्रश्न येतो. मित्रांनो, ७७ वर्षांचे आयुष्य आपण एका पदकात संपवतो, हे मला योग्य वाटत नाही.

सावित्रीबाईंचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशाटेल येथे झाला. नाव होते ईव्ह. वडील हंगेरीचे, आई रशियन. सँडहर्स्टमध्ये प्रशिक्षण घेत असलेल्या विक्रम खानोलकर या मराठी कॅडेटशी त्यांची ओळख झाली आणि १९३२ मध्ये दोघांचे लग्न झाले. भारतात आल्यावर त्या मराठी, हिंदी आणि संस्कृत शिकल्या. वेदान्त आणि पुराणे यांचा त्यांनी अभ्यास केला.

म्हणूनच स्वातंत्र्यानंतर नव्या शौर्यपदकांची जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी हे काम सावित्रीबाईंना सांगितले. त्यांच्या खांद्यावर कोणतेही पद नव्हते, पण ज्ञान होते. वज्रासाठी स्वतःच्या अस्थी देणारे दधीची ऋषी त्यांना आठवले. परमवीर चक्रावर राजमुद्रेभोवती इंद्राची चार वज्रे आली. २६ जानेवारी १९५० रोजी हे पदक सुरू झाले. पहिले परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर होते.

क्विझ इथे थांबते. सावित्रीबाई थांबल्या नाहीत. फाळणीत घरदार गमावलेल्या निर्वासितांसाठी आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी त्यांनी काम केले. १९५२ मध्ये मेजर जनरल खानोलकर गेले. त्यानंतर सावित्रीबाई ३८ वर्षे जगल्या. रामकृष्ण मठाच्या विचारांकडे त्या वळल्या. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

अशा आयुष्यासाठी आपल्याकडे एक तयार शब्द असतो, तो म्हणजे त्याग. भाषणात तो छान वाटतो, टाळ्याही मिळतात. पण त्याग म्हटले की त्या बाईने काय सोडले तेवढेच दिसते. तिने काय केले ते दिसत नाही.

माझे बाबा फौजेत आहेत. मी होस्टेलला येईपर्यंत आमच्या पाच बदल्या झाल्या. त्यातल्या दोन वेळा बाबा फील्डमध्ये होते. क्वार्टर रिकामे करणे, ट्रंका भरणे, गॅस, शाळेचा दाखला, नव्या गावात ॲडमिशन हे सगळे आईने एकटीने केले. शेजारच्या काकूंना रात्री दोन वाजता एमएचमध्ये तीच घेऊन गेली, कारण त्यांचे यजमानही फील्डमध्ये होते. आईचे बी. एड. झालेले आहे. प्रत्येक स्टेशनवर तिने तात्पुरती नोकरी शोधली आणि प्रत्येक बदलीला ती सोडली. शाळेच्या फॉर्ममध्ये मात्र तिच्या व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द असतो : गृहिणी.

काहीजण म्हणतील, रणांगणावर गोळी झेलणारा आणि घर सांभाळणारी यांना एका तागडीत कसे तोलायचे? तोलू नयेच. शौर्य वेगळे आहे. आजवर २१ वीरांना परमवीर चक्र मिळाले, त्यांतील १४ जणांना मरणोत्तर. ते पदक घेणाऱ्या घरच्या माणसाला दुसऱ्या दिवसापासून पेन्शनचे कागद, मुलांची फी, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधे हे सगळे पाहावेच लागले असेल. या कामाला पदक द्या, असे मी म्हणत नाही. ते काम काय असते, हे आपल्याला माहीत असावे, एवढेच माझे म्हणणे आहे. उद्या आपल्यापैकी कितीतरी जण अधिकारी होतील. आपल्या हाताखालच्या जवानाचे लक्ष सीमेवर राहायचे असेल, तर त्याच्या घरी काय चालले आहे हे आपल्याला कळायला हवे.

माझी एक सूचना आहे. कार्यक्रमांत वीरनारींना आपण स्टेजवर बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो आणि त्या खाली उतरतात. माइक पाहुण्यांकडेच राहतो. पुढच्या वेळी त्यांना दहा मिनिटे बोलू द्यावे. ज्यांना स्टेज नको असेल, त्यांच्याशी चहाच्या वेळी आपण कॅडेटांनी बसून बोलावे. आणि सुट्टीत घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या आईला विचारावे, बाबा फील्डमध्ये असताना तू काय काय केलेस? उत्तर मोठे असेल, तेव्हा घाईत विचारू नका.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी